सत्तर अंशांचा कर्णा

॥ श्री ॥

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार, ता. २ डिसेंबर १९५१

ती. गोविंददादास,

विमलचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहे. तिकडे नाशकात तूही बराच असशील, आणि नसलास तरी तुझ्या चार ओळींच्या कार्डात ते लिहायला जागा नसते हे मला ठाऊक आहे. झाले नमस्कार-चमत्कार. आता नीट बसून वाच. मला एक गणित सुटले आहे आणि ते तुला सांगितल्याशिवाय आज मला घास जाणार नाही.

दादा, मी कर्णा केला! खराखुरा, पत्र्याचा, तोंडाशी धरून बोलायचा.

पण आधीपासून सांगते. आपले हिम्मतरावकाका निवडणुकीला उभे आहेत. गल्लीत दुसरा विषय नाही. आई मत देणार आहे आणि त्यासाठी तिने आत्तापासूनच लुगडे काढून ठेवले आहे. मताला एकवीस वर्षे लागतात आणि मी पडले एकोणीस वर्षांची, त्यामुळे मला मत नाही, नुसती मते आहेत. तर काका परवा घरी आले आणि अप्पांना म्हणाले, ‘मास्तर, नल्लकुंट्याच्या सभेत तुम्ही बोललंच पाहिजे. लाउडस्पीकर एक मिळेना, सगळे दुसऱ्यांनी आधीच धरून ठेवलेत. पण तुम्ही असल्यावर त्या डबड्याची गरज काय?’

खरेच आहे ते. अप्पा वर्गात इतिहास शिकवू लागले की शाळेबाहेरचा पेरूवालासुद्धा त्या विषयात पास होईल, असे लोक म्हणायचे, आठवते ना? अप्पांनी मान डोलावली. थंडीने त्यांचा आवाज जरा बसला आहे, एवढेच. काका गेल्यावर मला म्हणाले, ‘विमल, आवाज मोठा करायचं काही साधन होतं का बघ.’ विजेचे मिळत नाही तर पत्र्याचे करू, असे मी लगेच ठरवले. ठरवायला मला कितीसा वेळ लागतो!

आता पत्र्याची कड हाताला कापते. म्हणून कर्ण्याच्या मोठ्या तोंडाला काहीतरी गोल कडे हवे. आईच्या मोठ्या चाळणीची जाळी केव्हाच फाटली आहे, पण तिची पितळी कडी ठणठणीत. ‘घे,’ म्हणाली, ‘पण फुकट घालवू नको.’ मी शिवणाची टेप कडीभोवती फिरवली. चव्वेचाळीस इंच भरली. आणि पत्रा सुलतान बाजारात गजभर रुंदीचा मिळतो, म्हणून कर्ण्याची लांबी गजभर.

मग मला शेंगदाण्याचा पुडा आठवला. पुडा उलगडून पसरला की काय दिसते? वर्तुळाचा तुकडा! पुड्याचे तोंड म्हणजे त्या तुकड्याचा कंस, आणि पुड्याची तिरकी लांबी म्हणजे त्रिज्या. कंस माहीत, त्रिज्या माहीत, मग मधला कोन किती? दादा, हे तर तुझेच गणित. शाळेत आम्हाला कौस, निस्फ कुतर आणि जाविया घोकायला लावायचे आणि घरी आल्यावर तू त्याचे कंस, त्रिज्या आणि कोन करून द्यायचास. भाकरीच्या मध्यापासून काठापर्यंतचा दोरा घ्यायचास आणि तोच काठावर वाकवून ठेवायचास. तेवढ्या काठाने मध्याशी जो कोन होतो तो एक रेडियन. ‘कंसात त्रिज्या किती वेळा बसते ते बघ, कोन आलाच हातात,’ असे म्हणून तेवढा तुकडा खाऊन टाकायचास. माझ्या ताटातला.

मी कंसाला त्रिज्येने भागले. कडी चव्वेचाळीस, गजाचे सोळा. भागाकार पावणेतीन. त्याचे अंश केले तर एकशे साडेसत्तावन्न. मला काही संशय आला नाही. जुनी वर्तमानपत्रे खळीने चिकटवून माजघरभर पसरली, गजभर दोरीने कंस काढला, कोन आखला, कापले आणि गुंडाळले.

कर्णा कसला, तो तंबू झाला! चाळणीची कडी आत टाकली तर ती खाली घरंगळत गेली आणि अर्ध्याच्याही खाली जाऊन अडकली. आई म्हणाली, ‘यात सभेतली माणसंच बसवायची आहेत का?’ अप्पा हसले. खांदे हलवून, आवाज न करता.

मला इतका राग आला की मी तो कागद लाथेने ढकलला. मग विचार केला, दादा इथे असता तर काय म्हणाला असता? आणि तुझा आवाज अगदी कानाशी आला, ‘विमे, मापं बघ.’

दादा, कडी इंचात आणि गज गिरहांत! कापडाच्या दुकानात गजाचे सोळा गिरह, म्हणून माझ्या डोक्यात सोळा पक्के बसलेले. शाळेत इंच, बाजारात गिरह, अशी खिचडी आपल्या हैदराबादकरांनाच जमायची. सोळा गिरह म्हणजे छत्तीस इंच. पुन्हा मांडले. चव्वेचाळीस भागिले छत्तीस, त्याला एकशे ऐंशीने गुणले, बावीस सप्तमांशांनी भागले. वरचे आणि खालचे आकडे एकमेकांना काटत गेले आणि शेवटी काय उरले सांगू? सत्तर! नुसते स्वच्छ सत्तर अंश! मी ओरडले ते म्हणे नळापर्यंत ऐकू गेले. अप्पांचा आवाज घरातून गेलेला नाही, तो माझ्यात उतरला आहे, असे आई म्हणाली आणि एकदम उठून आत गेली.

काल जब्बारभाईंच्या दुकानात गेले. ते ट्रंका आणि बादल्या करतात. त्यांना सत्तर अंशांचा कागद दाखवला तर म्हणाले, ‘अरे बेबी, इत्ता-सा टुकडा? इसमें भोंगा नै, कुल्फी का साचा बनता.’ मी म्हटले, ‘आप काटो तो सही.’ साडेतीन फूट पत्र्यात काम झाले. टोकाशी ओठांपुरते भोक ठेवले, जोडाला बोटभर जागा त्यांनी आपणहून धरली. कडी वर बसवली आणि दादा, ती बसली! टाचणी जाईल एवढीही फट नाही. जब्बारभाईंनी कडी दोनदा फिरवून पाहिली आणि विचारले, ‘कौन सिखाया तुमको?’ मी म्हटले, ‘मेरा भाई. गोविंद.’ तुझे नाव इतक्या मोठ्याने मी किती दिवसांनी घेतले!

घरी आल्यावर आई म्हणाली, ‘एवढा कोन कशाला काढत बसलीस? गजभर दोरीनं कमान काढायची, तिच्यावर चव्वेचाळीस इंच दोरा ठेवायचा आणि कापायचं.’ बरोबर आहे तिचे. पण मग तुला लिहायला माझ्याजवळ काय उरले असते?

उलट टपाली लिही. गणित बरोबर की चूक, एवढेच लिहिलेस तरी चालेल.

तुझी लाडकी (आणि आता हुशार),
विमल

॥ श्री ॥

बरकतपुरा, हैदराबाद
मंगळवार, ता. ११ डिसेंबर १९५१

ती. दादास, विमलचा नमस्कार.

तुझे कार्ड आले! ‘गणित बरोबर. मापे आधी पाहायला हवी होतीस. कर्ण्याचे रुंद तोंड वाऱ्याकडे धरू नका.’ तीनच ओळी, पण चौथ्या ओळीत ‘शाबास’ आहे, आणि ते तू खोडून पुन्हा लिहिलेले मला दिसले. आणि मुख्य म्हणजे ‘धरू नका’ लिहिलेस. ‘धरू नकोस’ नाही. कर्णा कोण धरणार आहे हे तुला ठाऊक होते तर!

कार्ड मी मुद्दाम अप्पांच्या चष्म्याखाली ठेवले. त्यांनी ते वाचले, मागची बाजू वाचली, पत्ता वाचला, पोस्टाचा शिक्कासुद्धा वाचला. मग घडी घालता येत नाही म्हणून तसेच कोटाच्या खिशात ठेवले. दादा, कार्ड अजून खिशातच आहे. कोट धोब्याकडे द्यायचा आहे, पण देत नाहीत.

आता मला जे लिहायचे आहे ते मागच्या पत्रात लिहायला हवे होते. मी ‘जरा’ असे लिहिले होते. अप्पांचा आवाज जरा बसलेला नाही. दसऱ्यापासून तो जातोच आहे. घशात गाठ आहे. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, येत्या एकवीस तारखेला, शुक्रवारी, शस्त्रक्रिया करायची. गाठ निघेल, अप्पा राहतील, डॉक्टरांना तशी चांगली आशा आहे. पण आवाज राहणार नाही. पुन्हा कधीही येणार नाही. तुला कळवायचे नाही अशी मला शपथ घातली होती. ती मी मोडली. पाप लागायचे ते लागो.

शनिवारी अंगणात कर्ण्याची परीक्षा झाली. मी पलीकडे विहिरीशी उभी राहिले आणि अप्पांनी कर्णा तोंडाला लावला. नुसते त्यांचे बोलणे मला दोन हातांवरून ऐकू येत नाही हल्ली. पण कर्ण्यातून आले ते घोगरे, खरखरीत, तरी एकेक अक्षर सुटे! अप्पांचा आवाज! मी टाळ्या वाजवल्या, नाचले. आणि ते काय बोलत होते ठाऊक आहे? सभेचे भाषण नाही. तुझे नाव. एकदा हळू, एकदा मोठ्याने, जसे तबला लावून बघतात तसे. ‘गोविंद.’ ‘गोविंद.’

आई दारात उभी राहून रडत होती. मी तिला धरले आणि म्हटले, आता मला सगळे सांग. तिने सांगितले.

दादा, त्या अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यातली संध्याकाळ तुला विसरायला सांगणे वेडेपणाचे आहे. तू कॉलेज सोडून संस्थानाविरुद्धच्या लढ्यासाठी सरहद्दीवरच्या कँपात जायला निघाला होतास. अप्पा ओट्यावर आले आणि सबंध गल्ली ऐकेल असे ओरडले, ‘आजपासून गोविंद माझा मुलगा नाही. या पायरीवर पाय ठेवला तर तंगडी मोडीन!’ मी तेव्हा आत होते, मीही ते खरेच धरले. पण त्या दुपारी शाळेत कोणीतरी अप्पांच्या कानावर घातले होते की तिन्हीसांजेला झडती येणार. घरात बंडखोर पोरगा ठेवला म्हणून अप्पांना नेतील, आणि मग आईचे आणि माझे काय होईल ते सांगायला नको. झडतीवाले गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे होते. त्यांना ऐकू जावे म्हणून अप्पा ओरडले. ते आले, आईला रडताना पाहिले, चार भांडी उलथीपालथी केली आणि निघून गेले. आम्ही वाचलो ते त्या ओरडण्याने.

आणि तू दुसऱ्या टोकाला, पिशवी खांद्याला लावून, तेच ऐकत उभा होतास. हे अप्पांना नंतर कळले.

मग पोलिस ॲक्शन झाली, गल्लीत पेढे वाटले, लोकांची मुले परत आली. अप्पा रोज मनमाडच्या गाडीच्या वेळेला काचीगुड्याच्या स्टेशनापर्यंत फिरायला जायचे. फिरायला! मला वाटायचे, पोट कमी करायला जातात. तू आला नाहीस. आले ते कार्ड, आईच्या नावाचे, त्यात अप्पांचे नावसुद्धा नव्हते. मग अप्पाही अडून बसले. दादा, मला तुम्हा दोघांचाही इतका राग आला आहे म्हणून सांगू! आईचाही आला. ती म्हणते, ‘मी त्याला खरं काय ते लिहिते म्हटलं की हे मला लिहू देईनात.’

मी आजच अप्पांना सरळ विचारले, ‘तुम्ही त्याला दोन ओळी का नाही लिहिल्यात?’ कान त्यांच्या तोंडाशी नेला तेव्हा ऐकू आले, ‘लिहून कसं परत घेऊ, बेटा? मी त्याला लिहून हाकललं नव्हतं. गल्लीनं ऐकलंय. परत घेताना गल्लीनंच ऐकायला हवं.’

हे असे आहे. कर्णा हिम्मतरावकाकांसाठी नव्हताच.

तुझी,
विमल

॥ श्री ॥

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार, ता. १६ डिसेंबर १९५१

दादा,

तार करणार होते, पण हे तारेत मावणारे नाही. मागच्या पत्राचे उत्तर आले नाही. नको देऊस. हे वाच आणि निघ.

आज सकाळी अप्पांनी दाढी केली, कोट घातला (तोच, कार्डासकट) आणि कर्णा उचलला. आईने विचारले, ‘सभा तर संध्याकाळी आहे ना?’ त्यांनी हाताने नाही म्हटले आणि ओट्यावर गेले. रविवार म्हणून सगळी गल्ली घरात. नळावर बायका, दत्तोबांच्या किराणा दुकानात गर्दी, समोरच्या हबीबाबी गच्चीवर पापड घालत होत्या. अप्पांच्या हातात कर्णा पाहून लोकांना वाटले, निवडणूक आली. कोणीतरी हिम्मतरावकाकांचा जयजयकारही करून टाकला.

अप्पांनी कर्णा तोंडाला लावला. मी मनात म्हटले, कोन चुकला असेल तर? काहीच ऐकू गेले नाही तर? लोक हसले तर?

‘मी एकनाथराव मास्तर बोलतोय.’

दादा, गेले! गल्लीच्या टोकापर्यंत गेले! दत्तोबांच्या हातातला तराजू तसाच राहिला, नळ वाहता राहिला, सगळे वळून पाहू लागले. घोगरा आवाज, मध्येच तुटणारा, पण शब्द एकही पडला नाही. मी लिहून घेतले नाही, पण मला सगळे पाठ आहे.

‘साडेतीन वर्षांपूर्वी याच ओट्यावरून मी तुम्हाला ओरडून सांगितलं होतं की गोविंद माझा मुलगा नाही. ते खोटं होतं. मी भ्यालो होतो, म्हणून खोटं बोललो. गोविंद माझा मुलगा आहे. तेव्हाही होता. हे घर त्याचं आहे. त्याला तंगडी मोडीन म्हणालो होतो, तेही मागं घेतो. ज्यांनी तेव्हा ऐकलं होतं, त्यांनी आत्ता ऐकलं का?’

मला वाटले, आता मीच ‘ऐकलं’ म्हणून ओरडते. तेवढ्यात गच्चीवरून हबीबाबींनी पदर सारखा केला आणि पापडाचा हात तसाच वर करून म्हणाल्या, ‘हौ मास्टरसाब! सुन लिये! पूरी गल्ली सुन ली!’ मग दत्तोबा, ‘ऐकलं, मास्तर!’ आणि नळावरच्या सगळ्या बायका एकदम, ‘ऐकलं, ऐकलं!’ काय सांगू तुला, निवडणुकीत इतकी मते एकजुटीने कोणाला पडायची नाहीत. मी हसत होते की रडत होते मलाच कळेना. आईने तर सगळ्यांसमोर अप्पांचा हात धरला. आपल्या आईने! ओट्यावर!

अप्पा खाली बसले. कपाळ घामाने भिजले होते. कर्णा माझ्या हातात देऊन त्यांनी कडीवरून बोट फिरवले, जब्बारभाईंसारखे, दोनदा. माझ्या कानाशी म्हणाले, ‘चांगला बसवलाय कोन.’ मी म्हटले, ‘दादाचं गणित आहे ते.’ त्यांनी मान हलवली, त्यांना ते ठाऊकच होते.

संध्याकाळी काकांच्या सभेला कर्णा गेला, अप्पा गेले नाहीत. काकांनी स्वतःच कर्ण्यातून भाषण केले आणि म्हणे फार लांबले. काका रागावले नाहीत. जाताना म्हणाले, ‘मास्तरांनी आज भाषण केलं ते केलं. त्यानंतर आणखी काय बोलायचं?’

शुक्रवारी सकाळी अप्पांना दवाखान्यात न्यायचे आहे. हे पत्र तुला मंगळवारी, फार तर बुधवारी मिळेल. शाळेत रजा टाक, नाही मिळाली तर न टाकता निघ. मनमाडला गाडी बदलली की काचीगुडा. मी बुधवारपासून रोज फलाटावर येणार आहे, कर्णा घेऊन. तू डब्यातून उतरायला कां-कू केलीस तर सत्तर अंशांतून तुझे नाव असे ओरडेन की इंजिन दचकेल. अप्पाही येतो अशी खूण करतात. फिरायला!

एकच गोष्ट राहिली. ओट्यावरून उठल्यापासून अप्पा कोणाशी बोललेले नाहीत. दुपारी आईने भात वाढू का विचारले, तर बोटाने खूण केली. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तर मान हलवली. शेवटी मीच चिडले, म्हटले, ‘अप्पा, अजून आवाज आहे तर बोला ना आमच्याशी! शुक्रवारनंतर आम्ही काय ऐकायचं?’ त्यांनी मला जवळ ओढले. बोलावे की नाही असा थोडा विचार केला. मग अगदी जपून, खर्च होऊ नये असे, म्हणाले, ‘उरलाय तो गोविंदासाठी ठेवलाय.’

दादा, ते तेव्हापासून गप्प आहेत.

वाट पाहणारी तुझी बहीण,
विमल